जुन्या लाकडी कनूचा जन्मदाखला कसा शोधावा

अमेरिकेच्या ईशान्येला तळ्याकाठचं जुनं घर घेतलं की घराबरोबर आणखी काय पदरात पडेल याचा नेम नसतो. गंजलेली शेगडी, कुणाचे तरी बर्फावरचे स्केट्स आणि कधी कधी गॅरेजच्या तुळयांना उलटी टांगलेली एक लाकडी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, दोन्ही टोकांना निमुळती होडी. बॉस्टन, न्यू हॅम्पशायरकडच्या आपल्या मंडळींचे प्रश्न मग ठरलेले असतात: ही किती जुनी? कुणी बांधली? विकली तर काय येईल? शेवटच्या प्रश्नाकडे नंतर वळू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र पुष्कळ कनूंच्या बाबतीत महिन्या-तारखेसकट मिळतात, कारण एका मोठ्या कारखान्याने बांधलेल्या कनूंचे कागद भरले आणि ते जपलेही.

तो कारखाना ओल्ड टाउन कनू कंपनीचा. मेन राज्यात पेनोब्स्कॉट नदीकाठी ओल्ड टाउन नावाचं गाव आहे. तिथे ग्रे कुटुंबाच्या हार्डवेअरच्या दुकानामागे १८९८ साली कनू बांधायला सुरुवात झाली आणि पुढे ती कंपनी लाकूड-कॅनव्हासच्या कनूंसाठी देशभर प्रसिद्ध झाली. प्रत्येक कनूला क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या नावे एक नोंद: कुठलं मॉडेल, किती फूट, कुठलं लाकूड, कॅनव्हास कधी चढवला, रंग कोणता, कोणत्या तारखेला कुठे रवाना केली. १९७९ साली वूडन कनू हेरिटेज असोसिएशन ही हौशी आणि जाणकार लोकांची संस्था उभी राहिली. या संस्थेच्या आणि अमेरिकन कनू असोसिएशनच्या मदतीतून ते जुने कागद स्कॅन झाले. स्कॅनची संख्या लाखांत आहे. क्रमांक कळवलात तर संस्थेशी जोडलेले स्वयंसेवक नोंद शोधून देतात, तेही फुकट.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हा कागद म्हणजे कनूचा जन्मदाखला आहे, सातबारा नव्हे. कारखान्याच्या दारातून ती कशी बाहेर पडली एवढंच तो सांगतो. नंतर ती कुणाकुणाकडे गेली, कुणी तिचा रंग बदलला, कुणी तळाची लांब पट्टी, म्हणजे कील, उपटून टाकली, कुणी टोकांवरच्या फळ्या, म्हणजे डेक, नव्या बसवल्या, यातलं फारसं काही त्यात सापडत नाही. ते तुमच्या समोरच्या लाकडावर लिहिलेलं असतं. म्हणून कागद आणि होडी दोन्ही वाचता यायला हवं, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायला हवं. नवखे लोक नेमकं हेच टाळतात: क्रमांक मिळाला, नोंद आली, झालं. असं करू नका.

आधी होडी ओळखा

कनू आतून बघा. आडव्या, वाफेवर वाकवलेल्या पातळ बरगड्या दिसतात का? त्यांच्या बाहेरच्या अंगाला सीडर लाकडाच्या पातळ फळ्या आणि फळ्यांना बरगडीशी जोडणारे पितळी टॅक, म्हणजे बारीक खिळे? बाहेरून फळ्यांवर ताणून बसवलेला, रंगवलेला कॅनव्हास? हे सगळं असेल तर ती लाकूड-कॅनव्हासची कनू आहे आणि या लेखातला बराचसा भाग तुमच्या कामाचा आहे. बाहेरून फायबरग्लास दिसलं म्हणून हिरमुसू नका. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कॅनव्हास फाटला की तो काढून फायबरग्लास थापायची टूम निघाली होती, आणि कित्येक चांगल्या होड्या त्या थराखाली दडल्या आहेत. आतल्या बरगड्या लाकडाच्या आहेत ना, एवढं पाहा.

मात्र होडी पूर्ण प्लास्टिक किंवा फायबरग्लासची असेल आणि मागच्या टोकाला बाहेरून बारा अक्षरा-अंकांचा क्रमांक असेल, तर तो प्रकार वेगळा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२पासून नव्या होड्यांना असा क्रमांक देणं सक्तीचं झालं. ओल्ड टाउनच्या अशा होड्यांचा क्रमांक ‘एक्सटीसी’ या तीन अक्षरांनी सुरू होतो, आणि शेवटच्या अक्षरा-अंकांतून बांधणीचा काळ कळतो. त्यासाठी जुने कागद धुंडाळायची गरज नाही.

आणि होडी बर्च झाडाच्या सालीची असेल तर तिला क्रमांकच नसतो. ओल्ड टाउन गावाला लागून नदीतल्या बेटावर पेनोब्स्कॉट लोकांची वस्ती आहे. कारखान्यांनी कनूचा जो घाट उचलला तो याच लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सालीच्या होड्यांचा, आणि पेनोब्स्कॉट कारागीर या कारखान्यांत कामालाही होते. कागद कारखान्याचे उरले. ज्यांच्या हातांतून तो घाट आला त्यांच्या होड्यांचं असं दफ्तर कुठेच नाही. सालीची होडी तुमच्याकडे असेल तर ती घासूपुसू नका, थेट जाणकार संग्रहालयाशी बोला.

क्रमांक कुठे असतो

कनूच्या दोन्ही टोकांना तळापासून वर वळत जाणारं एक जाड लाकूड असतं, स्टेम. कोकणातल्या होडीला जशी नाळ, तसं हे, फक्त दोन्ही टोकांना सारखंच आणि बरंचसं आत लपलेलं. होडीच्या आत, टोकाशी, तळालगत या स्टेमचा सपाट पृष्ठभाग दिसतो. ओल्ड टाउनचा क्रमांक तिथे ठोकलेला असतो, आणि दोन्ही टोकांना तोच.

जागा अडचणीची. डेकच्या खाली डोकं घालून, पोटावर पडून बघावं लागतं, आणि तिथे शंभर वर्षांचं वॉर्निश, चिखल, पाइनच्या सुया आणि उंदरांचा संसार असतो. आधी मऊ ब्रशने आणि ओल्या फडक्याने जागा साफ करा. आकडे दिसले नाहीत तरी सँडपेपरला हात लावू नका. ही सूचना दोनदा वाचा. ठोकलेले आकडे फार खोल नसतात. चार वेळा घासलं की वॉर्निशबरोबर आकडाही गेला, आणि तो परत आणायचा कुठलाच मार्ग नाही. वॉर्निशचा जाड थरच काढायचा असेल तर सौम्य रंगउतारू द्रव थोडासा लावून मऊ झालेला थर फडक्याने टिपून घ्या.

मग टॉर्च घ्या आणि तो वरून न धरता लाकडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरपा प्रकाश पाडा. सपाट उजेडात काहीच न दिसणारे आकडे तिरप्या उजेडात सावली टाकून उठून येतात. टॉर्च गोल फिरवत प्रत्येक बाजूने फोटो काढा. तेवढ्याने भागलं नाही तर पातळ कागद आकड्यांवर धरून पेन्सिल आडवी फिरवा, किंवा टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाका, म्हणजे खाचांत पांढरी राहील. दोन्ही टोकांना हेच करा. एका टोकाचा स्टेम कुजून बदललेला असेल तर जुना क्रमांक दुसऱ्या टोकाला मिळतो. आणि दोन्ही टोकांना निराळे क्रमांक मिळाले तर बहुधा एक तुम्ही चुकीचा वाचलाय.

क्रमांक वाचताना आणखी एक फसगत. ओल्ड टाउनमध्ये क्रमांकानंतर होडीची लांबी फुटांत ठोकत. समजा, लाकडावर १४६८२३ १७ असं दिसतंय (हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी रचला आहे). म्हणजे क्रमांक १४६८२३ आणि लांबी १७ फूट. मधली जागा झिजून दोन्ही आकडे चिकटले की लोक आठ आकडी क्रमांक पाठवतात आणि तशी नोंदच नाही असं उत्तर येतं. उलट, शेवटी १५, १६, १७, १८ यांपैकी आकडा सापडणं हीच क्रमांक ओल्ड टाउनचा असल्याची एक चांगली खूण आहे.

३ आणि ८, १ आणि ७, ६ आणि ०, हे गोंधळाचे जोड. शंका असेल तर एकच वाचन रेटू नका. शक्य वाटणारी सगळी वाचनं लिहून काढा. नोंदी शोधून देणाऱ्यांना याची सवय असते, आणि चार क्रमांकांपैकी कुठली नोंद तुमच्या होडीशी जुळते हे ठरवणं तितकंसं अवघड नसतं. फक्त त्यासाठी पुढचं काम आधी झालेलं पाहिजे.

नोंद मागण्याआधी होडीचं वर्णन लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. नोंदीवर ‘महोगनी’ असं एकदा वाचलं की प्रत्येक लाल-तपकिरी फळी महोगनी दिसायला लागते. म्हणून डोळे कोरे असताना लिहून ठेवा.

लांबी मोजताना काठाच्या वळणावरून टेप फिरवू नका. दोन्ही टोकांपासून ओळंबे सोडून जमिनीवरचं सरळ अंतर घ्या. १६ फूट म्हणजे साधारण ४.९ मीटर आणि १७ फूट म्हणजे ५.२ मीटर. दोन-चार इंचांचा फरक पडला तर चालतं, एक फुटाचा पडला तर काहीतरी गडबड आहे. मधोमध रुंदी आणि खोली मोजा.

मग काठ बघा. काठाच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीला गनवेल म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये बरगड्यांची टोकं वरून दिसत असतील तर गनवेल उघडे, वरून तिसरी पट्टी बसवून टोकं झाकली असतील तर बंद. बंद गनवेल जुन्या पद्धतीचे. दोन्ही टोकांच्या तिकोनी फळ्या म्हणजे डेक. त्यांची लांबी आणि लाकूड लिहा. होडी रुंदीला धरून ठेवणारे आडवे दांडे म्हणजे थ्वार्ट. ते किती, कुठे? बैठका विणलेल्या वेताच्या की पट्ट्यांच्या? बैठका आणि थ्वार्ट धरणाऱ्या बोल्टांची डोकी बघायला विसरू नका. शंकरपाळ्याच्या आकाराची पितळी डोकी ही ओल्ड टाउनची ओळखीची खूण आहे.

खाली कील आहे का? टोकांना बाहेरून जाड लाकडी स्टेम बसवलेत का? दोन पूर्ण बरगड्यांच्या मध्ये तळापुरत्याच आखूड बरगड्या आहेत का? काठाखाली बाहेरून लांबट फुगीर हवेच्या पेट्या, म्हणजे स्पॉन्सन आहेत का? शिडाची काठी, म्हणजे मास्ट, उभारण्यासाठी भोक किंवा तळाशी खाच? हे सगळं असो वा नसो, लिहा. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. डेकवरच्या छापील चिन्हाचाही काढा, पण त्यावर फार विसंबू नका. जुन्या कंपन्यांची चिन्हं नव्याने छापून मिळतात आणि कुणीही ती कुठल्याही होडीला डकवू शकतो.

विचारणा करताना

क्रमांकाची सगळी शक्य वाचनं, लांबी, आकड्यांचे तिरप्या उजेडातले फोटो, दोन्ही टोकांचा आणि मधला भाग दाखवणारे फोटो, एवढं पाठवा. होडी कुठे सापडली तेही सांगा. ‘आजोबांनी १९०५ साली घेतली’ ही घरातली गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ती पुरावा म्हणून मांडू नका. घरातल्या गोष्टींत होडी दर पिढीला दहा वर्षांनी म्हातारी होते.

नोंद कशी वाचायची

आता खरी मजा. नोंद म्हणजे छापील रकान्यांचा छोटा कागद, त्यात हाताने भरलेली अक्षरं, आणि अक्षरांपेक्षा संक्षेपच जास्त.

आधी मॉडेल. ‘ओटका’ हे नाव कंपनीच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं, हौशी लोकांची आवडती कनू. ‘एचडब्ल्यू’ म्हणजे मोठ्या पाण्यासाठीची. ‘चार्ल्स रिव्हर’ हे मॉडेल बॉस्टनच्या नदीच्या नावाचं. ‘गाइड’ कामकरी वाटाड्यांसाठी. ‘फिफ्टी पाउंडर’ म्हणजे नावाप्रमाणे वजनाने हलकी. मॉडेल ओळखण्यासाठी नोंद वाचणं हाच सोपा मार्ग, कारण वापरून पिचलेल्या होडीच्या आकारावरून एचडब्ल्यू आणि चार्ल्स रिव्हर वेगळ्या काढणं जाणकारांनाही जड जातं.

मग दर्जा. ‘एए’ म्हणजे वरचा, ‘सीएस’ म्हणजे मधला. सीएस हा ‘कॉमन सेन्स’चा संक्षेप आणि कंपनीच्या विक्रीकलेचा उत्तम नमुना, कारण मधला माल घेणाऱ्याला आपण शहाणे आहोत असं वाटायला हवं. दर्जाचा फरक सांगाड्याच्या मजबुतीत कमी आणि लाकडात-सजावटीत जास्त. एए होडीत महोगनी मिळण्याची शक्यता जास्त, सीएसमध्ये स्प्रूस, ॲश, बर्च अशी लाकडं.

फळ्यांच्या रकान्यात ‘आरसी’ किंवा ‘डब्ल्यूसी’. पहिलं म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडून येणारं लाल सीडर, दुसरं स्थानिक पांढरं सीडर. लाल सीडरच्या फळ्या लांब आणि गाठी नसलेल्या, पांढऱ्यात बारीक गाठी पुष्कळ. जुन्या वॉर्निशखाली दोन्ही काळपट पडतात, तेव्हा रंगापेक्षा गाठी बघा.

तारखा वाचताना आपल्या लोकांनी विशेष सांभाळायचं. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ४/१२/२५ म्हणजे ४ डिसेंबर नव्हे, १२ एप्रिल १९२५. वर्षाचे दोनच आकडे असतात. २५ म्हणजे १९२५, हे क्रमांकाच्या क्रमावरून पक्कं होतं.

तारखा एकापेक्षा जास्त का? कनू एका दिवसात होत नसे. वाफेने मऊ केलेल्या बरगड्या लाकडी साच्यावर वाकवायच्या. साच्याला जागोजागी लोखंडी पट्टे असत, म्हणजे फळ्यांमधून ठोकलेला टॅक पट्ट्यावर आपटून आपोआप वळे आणि बरगडीत रुतून बसे. मग कॅनव्हास ताणायचा. त्याच्या विणीत फिलर, म्हणजे तेल आणि भुकटीचा लगदा, चोळून भरायचा. तो नीट वाळायलाच काही आठवडे लागत. त्यानंतर गनवेल, वॉर्निशचे हात, शेवटी रंग आणि रवानगी. नोंदीत या टप्प्यांच्या तारखा ओळीने येतात, आणि त्यांच्यामधली अंतरं बोलकी असतात. फिलर हिवाळ्यात झालंय आणि रंग थेट उन्हाळ्याच्या तोंडावर? म्हणजे होडी तयार होऊन पडून होती आणि गिऱ्हाईक आल्यावर त्याच्या पसंतीचा रंग लागला असावा. काही नोंदींत हे अंतर वर्षभराचंही असतं. म्हणून ‘ही कुठल्या सालची?’ या प्रश्नाला दोन उत्तरं द्या: बांधली अमुक साली, रवाना झाली तमुक तारखेला. विकताना लोक सोयीचं तेवढंच एक सांगतात.

रंगाच्या रकान्यात बरेचदा साधा ‘गडद हिरवा’ येतो. त्याऐवजी ‘डिझाइन’ आणि पुढे आकडा असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमध्ये होडीच्या अंगावर काढायच्या नक्ष्यांची रंगीत पानं असत आणि गिऱ्हाईक क्रमांक सांगून नक्षी निवडे. या कॅटलॉगच्या प्रती स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. नोंदीतल्या वर्षाचाच कॅटलॉग काढा, कारण मॉडेलं तीच राहिली तरी तपशील बदलत गेले.

शेवटी रवानगीचं ठिकाण. राज्यांची नावं जुन्या तऱ्हेने तोडलेली असतात, आज वापरतात ती दोन अक्षरी नव्हेत. नाव दुकानाचं असू शकतं, मुलांच्या उन्हाळी शिबिराचं, एखाद्या क्लबचं, नाहीतर थेट माणसाचं. कधी कधी होडी दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आल्याची नोंदही असते. ती मिळाली तर फारच उत्तम, कारण जन्मानंतरचा हा एवढाच एक क्षण कागदावर राहतो.

कागद आणि होडी जुळतात का

आता तुमचं आधीचं वर्णन बाहेर काढा आणि एकेक मुद्दा लावून बघा. सगळंच तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळावं अशी अपेक्षाही नको. प्रश्न असा असतो की न जुळणारी गोष्ट नंतर बदलता येण्यासारखी आहे का.

डेक, बैठका, थ्वार्ट, बाहेरच्या गनवेल पट्ट्या, हे सगळं कुजतं आणि बदललं जातं. त्यावरून नोंद खोटी ठरवू नका. नोंदीत कील आहे आणि होडीला नाही? तळाच्या मध्यरेषेवर बरगड्यांमध्ये एका ओळीत बुजवलेली भोकं शोधा. कील आहे आणि नोंदीत नाही? कुणीतरी नंतर बसवली. तिचे स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू असतील तर ते काम १९३०च्या दशकाच्या मध्याआधीचं असूच शकत नाही, कारण तो स्क्रू बाजारातच तेव्हा आला. बाहेरचे स्टेम आणि स्पॉन्सन यांचंही तसंच, ते काढले तरी त्यांच्या खुणा उरतात.

उलट, लांबी बदलत नाही. तळाच्या आखूड बरगड्या सहसा कुणी नंतर घालत बसत नाही. उघडे की बंद गनवेल हेही सहसा मूळचंच. या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर पहिला संशय वाचनावर घ्या आणि दुसऱ्या शक्य क्रमांकाची नोंद मागवा. तीही जुळली नाही तर दुसरा संशय घ्या: होडी ओल्ड टाउनची नाहीच. क्रमांक ठोकणारे इतरही कारखाने होते, आणि त्यांचा आकडा ओल्ड टाउनच्या दफ्तरात शोधला तर कुठल्यातरी भलत्याच होडीची नोंद निघणारच. नोंद निघाली म्हणजे ती तुमचीच असं नव्हे.

मूळ रंग होडीवर शोधायचा तर आधी कॅनव्हास मूळचा आहे का ते बघा. कॅनव्हास काही दशकं टिकतो, मग बदलतात, आणि त्याच्याबरोबर सगळे जुने रंगही कचऱ्यात जातात. कॅनव्हास जुनाच असेल तर बाहेरच्या गनवेलच्या खालच्या कडेला रंगाचे थर साचलेले असतात. पण तिथे खरवडण्याआधी एक इशारा. त्या काळच्या रंगांत आणि बऱ्याच फिलरमध्ये शिसं असे. कोरडं घासून त्याची धूळ उडवू नका, योग्य मास्क लावा, मुलांना आणि घरातल्या चुलीला त्या जागेपासून दूर ठेवा.

माणसाचं नाव सापडलं तर

नोंदीत व्यक्तीचं नाव आणि गाव असेल तर पुढचा शोध कनूचा राहत नाही, तो वंशावळीचा होतो. अमेरिकेची जनगणनेची पानं ७२ वर्षांनी सर्वांसाठी खुली होतात. १९५०ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. म्हणजे १९२०च्या दशकात होडी घेणाऱ्या माणसाचा व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण होतं, हे घरबसल्या बघता येतं. शहरांच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रंही पुष्कळ ठिकाणी स्कॅन झालेली आहेत. गावच्या इतिहास मंडळाला एक सरळ पत्र लिहा. अशी मंडळं लहान गावांतही असतात आणि असे प्रश्न त्यांना आवडतात. मात्र हयात वारसांपर्यंत पोहोचलात तर त्यांची नावं-पत्ते जाहीर करत सुटू नका. आधी विचारा.

शिबिराचं नाव निघालं तर आणखी बरं. मेन आणि न्यू हॅम्पशायरमधली काही जुनी शिबिरं आजही चालू आहेत. एका शिबिराने एकदम बऱ्याच होड्या मागवलेल्या असतील तर लागोपाठच्या क्रमांकांच्या नोंदी बघा, तुमच्या होडीची भावंडं सापडतील.

ओल्ड टाउनची नसेल तर

कार्लटन ही शेजारची कंपनी ओल्ड टाउननेच १९१० साली विकत घेतली. तिच्या, आणि वॉटरव्हिल गावातल्या केनेबेक कंपनीच्या नोंदीही बऱ्याच वाचल्या आहेत आणि त्याही त्याच स्वयंसेवकांकडून मिळू शकतात.

व्हीझी गावच्या मॉरिस कंपनीचं तसं नाही. १९१९ साली कारखान्याला आग लागली आणि दफ्तर गेलं. मॉरिस ओळखायची ती लाकडावरून: डावीकडच्या आतल्या गनवेलवर, पुढच्या टोकाशी, क्रमांकाची छोटी धातूची पट्टी किंवा ती काढल्याच्या खिळ्यांच्या खुणा, हृदयाच्या आकाराचे डेक, आणि तळाशी पसरट होत जाणारा स्टेम. हयात असलेल्या मॉरिस होड्यांचे क्रमांक हौशी लोकांनी गोळा करून ठेवलेत, त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, दाखला नव्हे.

कॅनडाच्या होड्यांच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. फ्रेडरिक्टनची चेस्टनट आणि ऑन्टारिओतली पीटरबरो या दोन्ही कंपन्या नावाजलेल्या, पण एकेका होडीची अशी नोंद त्यांच्याबाबतीत मिळत नाही. शिवाय पुढे या कंपन्या एका छत्राखाली आल्यामुळे चिन्ह एकाचं आणि बांधणी दुसऱ्याची असं होतं. तिथे जुने कॅटलॉग, मापं आणि पीटरबरोचं कॅनेडियन कनू म्युझियम हाच आधार. सहाशेहून अधिक होड्यांचा हा संग्रह २०२४ साली तळ्याकाठच्या नव्या इमारतीत गेला. कुठल्याही वादाचा निकाल लावायला शेजारी ठेवून बघता येईल अशी दुसरी होडी हवी असते, आणि ती तिथे सापडायची शक्यता मोठी.

आता किमतीचं. जन्मदाखला मिळाल्याने किंमत दुप्पट होत नाही. खरेदीदार आधी कुजलेली टोकं, तुटलेल्या बरगड्या आणि फायबरग्लास बघतो, कागद नंतर. नीट दुरुस्ती कारागिराकडून करून घेतली तर खर्च बहुतेक वेळा विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. स्पॉन्सन, शिडाची सामग्री किंवा कॅटलॉगमधली नक्षी नोंदीत असेल, आणि होडीवरही असेल, तर गोष्ट वेगळी.

मिळालेल्या नोंदीची छापील प्रत, तुमचं स्वतःचं वर्णन आणि फोटो एका जलरोधक पाकिटात एकत्र ठेवा. जे जुळत नाही तेही त्यात स्पष्ट लिहा. पाकीट होडीच्या आत चिकटवू नका, कारण गोंद वॉर्निश उचलतो. घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि होडी विकलीत की तिच्याबरोबर द्या.